सासूबाईंना इंग्रजी येत नाही, तरी निकाल तोच

प्रश्न : ताई, नमस्कार. 2024 च्या सप्टेंबरात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची टीव्हीवरची डिबेट मी आणि सासूबाईंनी एकत्र पाहिली. तिकडे रात्रीचे नऊ, आपल्याकडे सकाळचे साडेसहा, आणि नेमका गौरीपूजनाचा दिवस. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत एका कोपऱ्यात गौरी उभ्या, दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही, मधे आम्ही दोघी सोळा भाज्या निवडत बसलेल्या. सासूबाईंचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपतं. तरी दहा मिनिटांत त्या म्हणाल्या, "हा बाबा तिच्याकडे बघतच नाहीये. बाई जिंकली." मी शेवटपर्यंत शब्द न् शब्द ऐकला आणि माझंही मत तेच झालं. नोव्हेंबरात निकाल उलटा लागला. मग मी इतका वेळ ऐकलं तरी काय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आता आमच्या भागातल्या सोसायट्यांनी मिळून वॉर्डातल्या उमेदवारांना एका मंचावर बोलवायचं ठरवलंय आणि प्रश्न विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. उमेदवाराकडे बघायचं की त्याचं ऐकायचं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. मी विधिमंडळात प्रतिवेदक होते. म्हणजे सभागृहात मान खाली घालून बसायचं, जो बोलेल त्याचं बोलणं लघुलिपीत उतरवायचं, काही मिनिटांची पाळी संपली की उठून टाइप करायला पळायचं. इतक्या वर्षांत कोणता आमदार बोलताना कसा दिसतो, हे मला संध्याकाळी घरी बातम्यांत कळायचं. आवाज मात्र सगळे पाठ. काही जण तर खोकल्यावरून ओळखू यायचे.

त्या टेबलावर एक गंमत रोज दिसायची. ज्या भाषणाने सभागृह डोक्यावर घेतलं, ते टाइप करायला बसावं तर हाती काय? अर्धं पान, आणि त्यातही कंसात तीनदा 'अडथळा'. उलट, ज्याच्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं, असा एखादा पुटपुटणारा सदस्य. त्याच्या भाषणात गावाचं नाव, तलावाचं नाव, खर्ची पडलेली रक्कम, सगळं जिथल्या तिथे.

तुमची ती डिबेट मीही पाहिली. पाहिली म्हणजे काय, हाताला सवय लागलेली, लिहूनच घेतली. पहिला प्रश्न हॅरिसबाईंना होता : चार वर्षांपूर्वीपेक्षा आज अमेरिकी लोकांची परिस्थिती बरी आहे, असं तुम्हाला वाटतं का? होय किंवा नाही, दोनच उत्तरं संभवतात. बाईंनी मध्यमवर्गीय घरातल्या आपल्या बालपणापासून सुरुवात केली आणि तिथून त्या लहान धंदेवाल्यांच्या करसवलतीवर गेल्या. माझ्या वहीत ना होय, ना नाही.

आपल्याकडच्या तारांकित प्रश्नांचा, म्हणजे आमदार मंत्र्यांना सभागृहात विचारतात त्या प्रश्नांचा, साचा तुम्ही वाचला असेल. 'हे खरे आहे काय?' त्यावर उत्तर छापून येतं, 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', किंवा 'अंशतः खरे आहे'. आणि शेवटी सगळ्या खात्यांचं लाडकं, 'प्रश्न उद्भवत नाही'. मी समासात हेच शेरे मारत गेले. पहिल्याच उत्तरासमोर लिहिलं, 'प्रश्न उद्भवत नाही'.

ट्रम्प यांच्या वाट्याला आलेला समास तर या शेऱ्याने भरून गेला. देशभर गर्भपातबंदीचा कायदा आला तर नकाराधिकार वापराल का? तशी वेळच येणार नाही. युक्रेनने युद्ध जिंकावं असं वाटतं का? युद्ध थांबायला हवं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, तरी होय नाही की नाही नाही. आरोग्यविम्याची तुमची योजना कुठे आहे? तर म्हणे, योजनेच्या कल्पना आहेत. (पहिल्या तारखेला घरकामाच्या ताईंना सांगून बघा, पगाराच्या कल्पना आहेत म्हणून.) एका ठिकाणी तर हॅरिसबाई जाता जाता बोलून गेल्या की यांच्या सभांमधून लोक कंटाळून लवकर उठून जातात. त्यानंतर ट्रम्पना विचारलं होतं सीमेवरच्या विधेयकाबद्दल, ते मात्र आधी सभांच्या गर्दीचा खुलासा करायला लागले, आणि तिथून थेट ओहायोतल्या एका गावात लोकांची कुत्री खाल्ली जातात इथपर्यंत पोचले. निवेदकाने तिथल्या तिथे सांगितलं की गावच्या प्रशासनाकडे असा विश्वासार्ह पुरावा नाही.

आता सासूबाईंकडे वळते. त्या दिवशीचा नियम असा होता की एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद. समोर प्रेक्षकही नाहीत, म्हणजे टाळ्या नाहीत, हशा नाही. न बोलणाऱ्याजवळ मग उरतो फक्त चेहरा, आणि पडद्याचे दोन भाग करून तो चेहरा सतत दाखवत होते. बाई हनुवटीला हात लावून त्यांच्याकडे बघत राहिल्या, ट्रम्प नाकासमोर. सुरुवातीला हात मिळवायला चालत गेल्या त्याही बाईच. सासूबाईंनी जे टिपलं ते अगदी बरोबर टिपलं.

आणि तुम्हा दोघींचा निकालही चुकलेला नाही. सीएनएनने त्याच रात्री डिबेट पाहिलेल्या मतदारांना विचारलं, तर 63 टक्के म्हणाले हॅरिस सरस ठरल्या, 37 टक्के म्हणाले ट्रम्प. पण त्याच पाहणीत पुढचा प्रश्न होता, अर्थव्यवस्था कोण नीट सांभाळेल? ट्रम्प 55, हॅरिस 35. तीच माणसं, तीच रात्र! मत कशामुळे कुठे गेलं हे मी सांगत बसणार नाही, पण माझ्या समासातला पहिला शेरा मी परत एकदा वाचला.

या विषयावर 1960 च्या केनेडी-निक्सन डिबेटची गोष्ट सगळेच सांगतात. गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेला, फिकुटलेला निक्सन टीव्हीवर हरला आणि रेडिओवर जिंकला, असं. त्यातला रेडिओचा भाग एकाच पाहणीवर उभा आहे, तेव्हा मी त्यावर फार भार टाकत नाही. मला आवडते ती 1976 ची गोष्ट. फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर यांच्या डिबेटमध्ये आवाजाची यंत्रणा बंद पडली आणि दोघेही आपापल्या मेजामागे 27 मिनिटं नुसते उभे राहिले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेले फोर्डसुद्धा. सासूबाईंनी ती 27 मिनिटं नक्की आवडीने पाहिली असती.

कधीकधी डोळा आणि कान एकच सांगतात. 27 जून 2024 ला अटलांटात ट्रम्प यांच्याबरोबरच्या डिबेटमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा आवाज बसलेला होता आणि वाक्यं मधेच हरवत होती. 24 दिवसांनी ते शर्यतीतून बाहेर पडले. तिथे माझी वही आणि कोणाचीही सासू, दोघींचा शेरा एकच असता.

तुमच्या मंचाचं म्हणाल तर 'तुमचं व्हिजन काय' असलं काही विचारू नका, रात्र सरेल. नगरसेवकाच्या हातात असतं तेवढंच विचारा, म्हणजे नाला, फुटपाथ, पाण्याची वेळ, पालिकेचा दवाखाना. लोकल आणि पोलीस हे विषय उमेदवार स्वतःच काढतील, काढू देऊ नका. प्रश्न होय-नाहीचा करा, सगळ्यांना तोच विचारा, आणि उत्तर आलं नाही तर त्याच शब्दांत पुन्हा विचारा. शब्द बदललात की त्याला पळायला गल्ली मिळते. एका मुलीला वही देऊन बसवा. तिने मान वर करायची नाही.

सासूबाईंना मात्र पहिल्या रांगेत, अगदी मधे. एक जण बोलत असताना बाकीचे काय करतात, एवढंच त्यांनी बघायचं. कोण मोबाइल काढतो, कोण घड्याळ बघतो, पाण्याचा प्रश्न निघाल्यावर कोण खुर्चीत सरसावून बसतो. हातात निवडायला भाजी दिलीत तरी चालेल.