‘चूक तुमचीही आहे’ म्हटलं म्हणून सही करू नका

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांचा, वायरमन आहे. स्वतःची कामं घेतो. चार महिन्यांपूर्वी संध्याकाळी मी आणि मेहुणा मोटारसायकलवरून घरी येत होतो. समोरून येणारा टेम्पो इंडिकेटर न देता एकदम उजवीकडच्या गल्लीत वळला. मी ब्रेक दाबला, तरी गाडी त्याच्या डाव्या हेडलाईटवर आदळली. माझ्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. मेहुण्याचं कॉलरबोन मोडलं. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. वेग पन्नास-पंचावन्न असेल, तिथे चाळीसची पाटी आहे. टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. म्हणतो, ‘हेल्मेट नाही, स्पीड जास्त, पोलिसांनीही दोघांची चूक लिहिलीय. कोर्टात हाती काही लागणार नाही, सत्तर हजार घ्या आणि सही करा.’ हप्ते थकलेत, बायको म्हणते घेऊन टाका. मेहुणा दावा करायलाच तयार नाही, म्हणतो दाजींवर केस केल्यासारखं होईल. काय करू?

उत्तर : सही करू नका. तुमचं पत्र वाचून आधी हेच सांगावंसं वाटलं. आणि लगेच दुसरं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा, असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. तुमचे चार महिने गेलेत. त्या माणसाशी बोलणी करण्यात पुढचे दोन घालवू नका. दावा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात झाला त्याच ठिकाणी जावं लागत नाही.

आता चुकीबद्दल. ‘तुमची चूक आहे म्हणून काही मिळणार नाही’ हे वाक्य मी इतक्या पक्षकारांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते ऐकून किती जण सही करून मोकळे झालेत, हे आठवलं की जीव तुटतो. अपघातात दोघांची चूक असली तर न्यायाधिकरण ती टक्क्यांत वाटतं. तुमच्या वाट्याला वीस टक्के आले तर भरपाईतून वीस टक्के जातात, ऐंशी टक्के तुमचेच राहतात. चूक पूर्णपणे तुमची एकट्याचीच ठरली, तरच दुसऱ्याच्या विम्याकडून या कलमाखाली मागता येत नाही.

जुलै २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगते. २०१७ साली कोइम्बतूरजवळ इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या कारनं हायवेवर अचानक ब्रेक लावला. तो मागून कारवर आदळला, रस्त्यावर पडला आणि मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. कारचालक म्हणाला, गरोदर बायकोला मळमळायला लागलं म्हणून थांबलो. न्यायालयानं ते ऐकून घेतलं, पण हायवेवर मागच्यांना इशारा न देता गाडी थांबवायला ते कारण पुरेसं मानलं नाही. मुलानंही अंतर ठेवलं नव्हतं, लायसन्सही नव्हतं. त्याच्यावर वीस टक्के ठेवले, कारवर पन्नास, बसवर तीस. एक कोटी चौदा लाखांतून वीस टक्के वजा होऊन ९१ लाखांहून जास्त रक्कम आणि वर व्याज त्याला मंजूर झालं. उच्च न्यायालयानं त्याच्यावर तीस टक्के टाकले होते, ते वीसवर आले. सांगायचं कारण, हे टक्के दगडावरची रेघ नसतात, पुराव्यानं हलतात.

तुमचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे, आणि बहुधा तुमच्या लक्षात आलेला नाही. गाडी टेम्पोच्या डाव्या हेडलाईटवर आदळली. म्हणजे टेम्पोनं तुमच्या वाटेत नुसतं तोंड घातलं होतं. हीच धडक मागच्या चाकाजवळ बसली असती तर समोरचा वकील म्हणाला असता की टेम्पो जवळजवळ पार झाला होता, याला तो लांबून दिसायला हवा होता. त्यामुळे आरटीओच्या निरीक्षकानं टेम्पोची जी तपासणी केली असेल तिच्या अहवालाची प्रत काढा आणि ‘डावी हेडलाईट, डावा बंपर’ असं काही लिहिलंय का बघा. मग घटनास्थळ पंचनामा. काचा कुठे पडल्या होत्या, रस्ता किती रुंद, टायर घासल्याची खूण किती लांब. मी अजूनही प्रत्येक दाव्यात पंचनामा हातात घेऊन जागेवर जाते आणि पावलांनी अंतर मोजते. काचा तुमच्या बाजूला सांडल्या असतील तर वळण घेताना तो तुमच्या हद्दीत होता, हे वेगळं सिद्ध करायची फारशी गरज उरत नाही. पोलिसांनी काय लिहिलं ते न्यायाधिकरणावर बंधनकारक नसतं. शिवाय इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच पाहिलं जातं.

वेग मात्र तुमच्या विरोधात जाईल. तो लपवू नका. उलटतपासणीत खोटं उघडं पडलं तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

हेल्मेटचं वेगळं आहे. न घालणं हा गुन्हा आहे, दंड एक हजार आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पण टेम्पो वळला तो तुमच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हणून नाही, आणि मोडली ती नडगी. डोक्याला मार असता तर ‘हेल्मेट असतं तर इतकं लागलं नसतं’ हा मुद्दा आला असता आणि काही टक्के कापले जाण्याची भीती होती. तुमच्या वकिलांनी हा फरक लेखी मांडायला हवा. (आणि यापुढे ते आरशाला अडकवू नका, मी कळकळीनं सांगतेय.)

पैशाचं. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. तुम्हाला सत्तर हजार देऊ केलेत! फक्त, १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, म्हणून घाईनं तिकडेही जाऊ नका. समजा महिन्याची कमाई १५ हजार धरली आणि शिडीवर चढणं जमत नाही म्हणून कमावण्याची ताकद २५ टक्क्यांनी घटली असं ठरलं. वर्षाचं नुकसान ४५ हजार. तुमच्या वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानाला ज्यानं गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे ७ लाख २० हजार. त्यातून वीस टक्के चूक वजा केली तरी ५ लाख ७६ हजार. दवाखान्याचा खर्च, बुडालेले महिने, वेदना हे वेगळं, त्यावरही तेवढीच कपात. आकडे मी मानलेले आहेत, पण हिशोब असाच होतो. कमावण्याची ताकद हा शब्द लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या दाखल्यात पाय दहा टक्के अधू लिहिलेला असला, तरी वायरमनचं नुकसान त्याहून मोठं असू शकतं. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय आणि तुमचा पाय कायदा एकाच मापानं मोजत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलंय. पगारपत्रक नाही म्हणून घाबरू नका. कामाची डायरी, खात्यातल्या नोंदी, मोबाईलवर आलेले पैसे, दोन गिऱ्हाइकांची साक्ष, हे सगळं चालतं.

आता तुमचे मेहुणे. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा. मागे बसलेल्या माणसाच्या हातात हँडल नसतं. दोन चालकांच्या चुकीतून त्याला लागलं तर त्याच्या भरपाईतून एक पैसाही कापायचा नसतो, आणि दोघांपैकी कोणा एकाकडून पूर्ण रक्कम मागायचा त्याला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालापासून हे पक्कं आहे. म्हणजे त्यांनी टेम्पोचा चालक, मालक आणि त्याची विमा कंपनी एवढ्यांविरुद्ध स्वतंत्र अर्ज केला तरी भागतं. दाजींचं नाव विरुद्ध बाजूला घालायची गरज नाही. सहा महिन्यांची मुदत त्यांनाही आहे.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा मित्राच्या गाडीवर तिसरा बसला होता. मागून ट्रकनं धडक दिली, त्याच्या मांडीचं हाड मोडलं. ट्रिपल सीट होते म्हणून भरपाई कापतील का?

उत्तर : आपोआप नाही. तिघांनी बसणं नियमभंग आहेच, पण जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, असा संबंध दिसला तरच कपात करायची. त्या प्रकरणातही मोटारसायकलवर तिघं होते आणि कारनं मागून ठोकलं होतं. खाली कापलेले दहा टक्के सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले. तुमच्यासाठी धडक मागूनच बसली हे दाखवणं महत्त्वाचं. मित्राची गाडी अजून गॅरेजला गेली नसेल तर आजच तिच्या मागच्या मडगार्डचे, फुटलेल्या टेललाईटचे आणि वाकलेल्या नंबरप्लेटचे फोटो काढून घ्या.