मध्यंतरातील गप्पा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आटोपला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी वाचक रागांची लक्षणे आणि घराण्यांचे भेद विचारतात. त्या पंधरवड्यात मात्र मंडपाबाहेर चहा पिताना निघालेले आणि घरी परतेपर्यंत न मिटलेले वाद आमच्याकडे निवाड्यासाठी येतात. खाणे, भाषा, यंत्रे आणि राजकारण हे त्यांतले नेहमीचे विषय. ‘हे आपल्या सदरात बसणार नाही’ अशी दिलगिरी अनेक पत्रलेखक आरंभीच व्यक्त करतात. तिची आवश्यकता नाही, कारण यांतील एकही विषय गाण्यापासून फार दूरचा नाही.

प्रश्न : गायकाने कार्यक्रमाच्या दिवशी दही, लोणचे आणि थंड पाणी वर्ज्य करावे, असे आमचे एक स्नेही आग्रहाने सांगतात, दुसरे स्नेही जुन्या खाँसाहेबांच्या भरपेट जेवणांचे दाखले देतात. खरे काय मानावे? (सोलापूरहून एक वाचक)

उत्तर : आपण जे गिळतो ते स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. गिळण्याच्या क्षणी स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याचे तोंड बंद होते आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. तेव्हा दह्याने किंवा लोणच्याने आवाज ‘बसतो’ हे शब्दशः खरे नाही, आणि त्याच न्यायाने ज्येष्ठमधाचा तुकडा स्वरतंतूंवर लेप देतो हेही खरे नाही. त्याने घशाला बरे वाटते, आणि गाण्यापूर्वी एवढे वाटणेही उपयोगाचे असते. अपाय होतो तो अप्रत्यक्ष मार्गाने. तिखट, तेलकट किंवा उशिरा घेतलेल्या जेवणानंतर जठरातील आम्ल वर येऊन स्वरयंत्राच्या मागील भागाला सूज आणते, आणि भरलेले पोट श्वासपटलाला खाली उतरू देत नाही, त्यामुळे लांब आलापीसाठी लागणारा दमसास कमी पडतो. पाणी मात्र दिवसभर पुरेसे प्यावे, कारण स्वरतंतूंवरचा ओलावा टिकून राहतो तो शरीरातील पाण्यामुळे.

गायक बडे गुलाम अली खाँ यांची खवय्येगिरी प्रसिद्ध आहे, आणि आपल्या दुसऱ्या स्नेह्यांच्या मनात बहुधा त्यांचेच नाव असावे. परंतु त्या आवाजामागे लहानपणापासूनची अखंड तालीम होती. जेवणाचे अनुकरण सोपे असते म्हणून तेवढेच उचलावे, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही.

श्रोत्यांच्या खाण्याविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. कांदाभजी, बटाटेवडे आणि साबुदाण्याची खिचडी यांवर आमचे प्रेम आहे, पण ते मंडपाबाहेर. विलंबित म्हणजे अतिसंथ एकतालाचे पहिले आवर्तन चालू असताना वेफर्सची पिशवी फोडणाऱ्या रसिकाला कोणत्याही घराण्यात क्षमा नसावी.

प्रश्न : आमच्या गटात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मातृभाषांचे रसिक आहेत. गायक या दोहोंपैकी एका भाषेत वाढलेले असताना ख्याल ब्रजभाषेतच का गातात, आणि मराठीत ख्याल का रुजला नाही, यावर आमच्यात वाद झाला. (बेळगावहून एक वाचक)

उत्तर : याचे पहिले कारण ऐतिहासिक आहे. ख्याल, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करत गायचा प्रकार, आपल्याकडे उत्तरेतून आला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात करून ती महाराष्ट्रात आणली आणि मिरजेला विष्णु दिगंबर पलुस्करांना शिकवली. कैरान्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले, अत्रौलीचे अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या दरबारात राहिले. बंदिश, म्हणजे रागात बांधलेली पदरचना (तिलाच चीज म्हणतात), ही तालमीची मूळ पुंजी असल्याने विद्या जिच्यातून आली ती भाषाही तिच्याबरोबर आली. आपल्या गटातील कन्नड रसिकांना हे वेगळे सांगायला नको, कारण कुंदगोळचे सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकले आणि त्यांच्याकडून ती विद्या गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्याकडे आली. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे आणि पुढे अल्लादिया खाँ यांचे पुत्र मंजी खाँ व बुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. एका कन्नडभाषक विद्यार्थ्याने मराठी मुलखात उर्दूभाषक गुरूकडून ब्रजभाषेतील चीज घ्यावी, यात त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे.

दुसरे कारण उच्चाराचे आहे. ब्रज बंदिशीतील शब्द बहुतांशी स्वरान्त आणि मऊ असतात, ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण ते सहन करतात आणि कोठेही थांबून आकार, म्हणजे लांबवलेला ‘आ’, लावता येतो. मराठी पदांत जोडाक्षरे आणि विभक्तिप्रत्यय अधिक असल्याने शब्द फार ताणला की अर्थ तुटतो. तरीही मराठीला रागसंगीत पेलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी रागदारी चिजांच्या चाली मराठी पदांना दिल्या आणि त्या पदांनी मराठी घरांत रागाची ओळख करून दिली; ‘मानापमाना’तील ‘चंद्रिका ही जणू’ तर खुद्द अब्दुल करीम खाँ यांनी ध्वनिमुद्रित केले. मराठीत जे रुजले ते नाट्यपद आणि अभंग, म्हणजे शब्दाला मान असलेले प्रकार, आणि आमच्या मते भाषेने आपला स्वभाव ओळखूनच ही निवड केली.

आणखी एक गोष्ट वादात उपयोगी पडेल. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा अनेक भागांचा ग्रंथ, ज्याच्या हिंदी अनुवादावर उत्तरेतील विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या, तो मुळात मराठीत आणि गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेला आहे. निवेदन मराठीत असावे की हिंदीत, या आपल्या उपप्रश्नाला आमचे उत्तर एवढेच की ते थोडक्यात असावे.

प्रश्न : मोबाइलमधील तानपुरा इतका चांगला झाला असताना खरे तानपुरे बाळगणे ही हौस म्हणावी की गरज? (ठाण्याहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : रियाजासाठी मोबाइलचा तानपुरा आपण निःशंकपणे वापरावा. 1979 च्या सुमारास बंगळुरूच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली, पण दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, रोज लोकलने प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या यंत्राने रोजचा सूर दिला. आज खऱ्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण करून बनवलेली ॲप्स त्याहून पुष्कळ गोड वाजतात.

मग उणे काय? तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, जुळवली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर हा गंधार षड्जापासून सुमारे 386 सेंटवर असतो, आणि बारा समान भागांत लावलेल्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, गंधार 400 सेंटवर. हा चौदा सेंटचा फरक ऐकण्याची सवय कानाला लागते ती प्रत्यक्ष तानपुरा जुळवताना, खुंटी आणि मणी फिरवत, चुकत आणि पुन्हा लावत. ॲपमध्ये तानपुरा लावलेलाच मिळतो, त्यामुळे तेथे ऐकणे होते पण लावणे होत नाही. शिवाय मुद्रित आवाज काही आवर्तनांनी तसाच परत येतो, तर छेडणाऱ्याचे बोट गायकाबरोबर हलके किंवा भरीव होत जाते. म्हणून रंगमंचावर दोन खरे तानपुरे असावेत, असा आमचा हट्ट आहे. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून जपलेल्या या कारागिरीला, म्हणजे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला, 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने धंदा चालत नाही, तो तानपुरे विकत घेणाऱ्यांमुळे चालतो.

यंत्राने गाणे बिघडते, हा सरसकट आक्षेप मात्र आम्हाला मान्य नाही. 1902 साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडण्याची सक्ती यंत्रानेच केली, आणि त्या सक्तीतून नेमकेपणाची एक वेगळीच कला निर्माण झाली. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची आहे, आणि 1977 पासून ती व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून सूर्यमालेच्या पलीकडे निघाली आहे. तिथवर खरे तानपुरे पाठवणे शक्य नव्हते.

प्रश्न : मैफल चालू असताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे का? (नागपूरहून एक वाचक)

उत्तर : करू नये. कलाकाराची आणि आयोजकांची परवानगी नसेल तर तो त्यांच्या हक्काचा भंग आहे, आणि परवानगी असली तरी समोर धरलेल्या पडद्याचा उजेड मागच्या रांगेतील माणसाच्या डोळ्यांत जातो.

प्रश्न : आमच्या गटात अलीकडे कोणी राजकारणाचा विषय काढला की ‘संगीत राजकारणाच्या पलीकडे असते’ असे म्हणून त्याला गप्प केले जाते. हे म्हणणे कितपत बरोबर आहे? (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर : मैत्री टिकवण्यासाठी एखाद्याने गप्प बसावे हे ठीक आहे, परंतु विधान म्हणून ते इतिहासाला धरून नाही. नाटककार खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांना कीचकाच्या जागी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली. 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटांनी एकत्र येऊन संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. 1923 च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनी गायनाला हरकत घेतली असता विष्णु दिगंबरांनी ‘वंदे मातरम्’ थांबवले नाही. फाळणीनंतर पाकिस्तानात राहिलेले बडे गुलाम अली खाँ परत आले आणि 1957 साली त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले, ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले मोरारजी देसाई यांच्या साहाय्याने.

सर्वांत बोधक प्रकरण आमच्या मते पेटीचे आहे. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत उठली नाही. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही आणि तिचे स्वर अचल असतात, हा आक्षेप चुकीचा नव्हता. वर सांगितलेला चौदा सेंटचा फरक त्यातलाच. परंतु त्या आक्षेपात संगीताइतकाच स्वदेशीचा अभिमानही मिसळलेला होता, कारण पेटी युरोपातून आलेली. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली होती, तेथील गायक आकाशवाणीवर सारंगी घेऊन गात आणि बाहेरच्या मैफलीत पेटी घेऊन. दोन्हीकडे ऐकणारे श्रोते तेच होते.

1952 ते 1962 या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केले आणि श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली, जेथे 1952 पासून ‘बिनाका गीतमाला’ लागत होती. 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली ती याच ओहोटीमुळे. केसकरांच्या कारकिर्दीत शास्त्रीय गायक-वादकांना आकाशवाणीने भरीव आश्रय दिला, हे विसरून त्यांची केवळ टिंगल करणे आम्हाला रुचत नाही. परंतु 1976 साली, आणीबाणीत, सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली, तेव्हा त्यामागे संगीताची कोणतीही चाड नव्हती. या दोन प्रकारच्या बंदींत भेद करता यावा एवढ्यासाठी तरी आपल्या गटात राजकारणाची चर्चा व्हावी असे आम्हाला वाटते.

प्रश्न : रात्री दहाच्या नियमामुळे दरबारी, अडाणा, मालकंस हे राग त्यांच्या वेळेला ऐकायलाच मिळत नाहीत. यावर काही उपाय आहे का? (साताऱ्याहून एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : आपले दुःख आमचेही आहे. 1953 साली सुरू झालेला पुण्याचा महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे, आणि पहाटे ललत किंवा तोडी ऐकून घरी जाणाऱ्यांची पिढी अद्याप आपल्यात आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण ते दिवस बहुतेक गणेशोत्सव आणि नवरात्र यांतच संपतात. नियम रद्द व्हावा असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्यामागे रुग्णांची आणि लहान मुलांची झोप आहे, आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारणाऱ्यांना आळा घालण्याचे दुसरे साधन आपल्याकडे नाही.

मात्र हा नियम बंद सभागृहातील, आवाज बाहेर न जाणाऱ्या कार्यक्रमांना लागू होत नाही, याकडे आयोजकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. शे-दीडशे श्रोत्यांची बैठक बंद दालनात, कमीत कमी ध्वनिवर्धनावर, रात्री दहाला सुरू करून पहाटेपर्यंत नेता येते. सभागृहाच्या व्यवस्थापनाशी वेळेचा लेखी करार करावा, आवाज बाहेर जात नाही याची खात्री आधीच एका चाचणीने करून घ्यावी, स्थानिक पोलीस ठाण्याला आगाऊ कळवावे आणि परतीच्या वाहनांची सोय तिकिटातच धरावी. साताऱ्यासारख्या ठिकाणी पहाटेच्या पहिल्या बसपर्यंत थांबणारे श्रोते मिळणे कठीण नाही. चहाची व्यवस्था दोनदा लागेल.