तारीख कोणी मागितली?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की कोर्टाचा तुमचा अनुभव काय आणि काय बदलायला पाहिजे असं वाटतं, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून एवढं आलंय की संपादकांनी शेवटी पिशवीच माझ्या घरी पाठवली. जिल्हा कोर्टात चौतीस वर्षं काळा कोट घातला, आता तो कपाटात आहे, म्हणून बोलायला जरा मोकळी आहे. निम्म्या पत्रांत शिव्या आहेत. त्या सगळ्या वाचल्या, काही तर फारच छान जमल्यात, पण छापता येणार नाहीत. प्रश्न असलेली पाच पत्रं इथे घेतेय.

वकीलबाई, वडिलांनी २०११ ला वाटपाचा दावा टाकला. ते २०१९ ला गेले, आता वारस म्हणून मी उभा आहे, अजून पुरावाच चालू आहे. आमच्यासारखे गावात बारा-पंधरा जण आहेत, सगळ्यांनी मिळून न्यायव्यवस्था सुधारा म्हणून निवेदन द्यायचं ठरवलंय. कोणाला द्यायचं आणि काय लिहायचं? सोबत केसचा रोजनामा जोडलाय. (एक शेतकरी, गावाचं नाव छापू नये)

दादा, रोजनामा जोडलात म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं. कितीतरी पक्षकारांना पंधरा-पंधरा वर्षं खेटे घालून पण हे माहीत नसतं की प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं हे दोन ओळीत का होईना लिहून ठेवलेलं असतं, कोण हजर, कोणाचा अर्ज, पुढची तारीख कशासाठी, सगळं. त्याची नक्कल पक्षकाराला अर्ज करून मिळते.

तर मी तुमचा रोजनामा लाल पेन घेऊन वाचला, दुपारचा चहा गार झाला. एकूण ७४ तारखा. त्यात २३ वेळा साहेब रजेवर, साहेबांची बदली किंवा कोर्टच रिकामं. १९ वेळा प्रतिवादीकडून मुदतीचा अर्ज, मंजूर. ११ वेळा नुसतं 'वेळेअभावी'. ९ तारखा समन्स बजावण्यात आणि वारस लावण्यात गेल्या. आणि उरलेल्या १२, दादा, बसून वाचा, त्या आपल्याच वकिलांनी मागितल्यात. 'वादीतर्फे मुदतीचा अर्ज, रु. २०० खर्चाच्या अटीवर मंजूर.' त्यातले चार अर्ज 'वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत' या कारणाचे.

आता कायदा काय म्हणतो बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १७ आहे, त्यात २००२ पासून लागू झालेली दुरुस्ती सांगते की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी द्यायची नाही, आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे तहकुबीचं कारणच होत नाही, असं त्याच ऑर्डरमध्ये त्याच्याही आधीपासून चक्क लिहिलंय. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये म्हटलं की अगदी अपवादाच्या परिस्थितीत तीनच्या वर देता येईल. पण अपवादच रोजचा झाला. मीही दिलेत असले अर्ज, खोटं कशाला बोलू, बाररूममध्ये बसून ज्युनिअरच्या हाती पाठवायचे आणि समोरचा वकील पण हरकत घेत नाही कारण पुढच्या आठवड्यात त्याला लागणार असते.

म्हणून निवेदनात 'न्यायव्यवस्थेत आमूलाग्र सुधारणा करा' असलं काही लिहू नका, त्याला कोणीही 'योग्य कार्यवाही करू' असं उत्तर देतं आणि फाईल बंद. पंधरा जण आहात ना, पंधराही जणांचे रोजनामे काढा, असाच हिशोब करा आणि तोच निवेदनाला जोडा. कोर्ट किती दिवस रिकामं होतं हा हिशोब आमदारांना द्या, कारण खालच्या कोर्टांची पदं मंजूर करणं, इमारत, स्टाफ, पैसा हे राज्य सरकारकडे असतं, तरी मत मागायला आलेल्याला आपण रस्ता आणि पाणी विचारतो, कोर्टाचं कधीच विचारत नाही. लॉ कमिशनने १९८७ मध्ये सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश पाहिजेत आणि पाच वर्षांत करा. आज नुसती मंजूर पदं धरली तरी २१ च्या आसपासच होतात. आणि खर्च न लावता किती मुदती दिल्या हा हिशोब हायकोर्टाच्या रजिस्ट्रार जनरलना पाठवा, प्रत तुमच्या जिल्ह्याच्या गार्डियन जजना. हो, प्रत्येक जिल्ह्यावर लक्ष ठेवायला हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती नेमलेले असतात, विचारा कोर्टात कोण आहेत ते.

आणि ते १२ अर्ज घेऊन एकदा आपल्या वकिलांसमोर शांतपणे बसा. भांडू नका, नुसता कागद पुढे ठेवा.

मॅम, मी नागपूरला लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्रमैत्रिणी कोर्टातल्या विलंबावर इन्स्टाला रील टाकतो. घरचे म्हणतात कंटेम्प्ट लागेल, बंद कर. आणि एखादा जज चुकीचं वागला तर नागरिकाने महाभियोगाची वाट बघत बसायचं का? (एक विद्यार्थिनी)

दुसऱ्या वर्षाला आहेस तर कोर्टाच्या अवमानाचा, म्हणजे कंटेम्प्टचा, १९७१ चा कायदा उघड, छोटासाच आहे. कलम ५ म्हणतं निकाल लागलेल्या प्रकरणावर रास्त टीका म्हणजे अवमान नाही. कलम ६ तर घरच्यांना वाचून दाखव, खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेने हायकोर्टाकडे तक्रार केली तर तो अवमान नाहीच. २००६ च्या दुरुस्तीने सत्य हा बचावही आला, लोकहितासाठी आणि प्रामाणिकपणे बोललेलं असेल तर. विलंबावर आकडे देऊन रील कर, बिनधास्त. 'अमुक जज विकला गेलाय' असं नाव घेऊन, हातात कागद नसताना म्हणालीस तर मात्र घरचे बरोबर आहेत. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण खरी शिक्षा म्हणजे त्या खेपा.

दुसरं, निकाल चुकला आणि जज चुकीचं वागला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक कायम घोळ घालतात. निकाल पटला नाही तर अपील. वागणूक, म्हणजे पैसे मागितले, एका बाजूला खाजगीत भेटले, निकाल राखून ठेवून महिनोन्‌महिने दिलाच नाही, याची तक्रार. खालच्या कोर्टांवर नियंत्रण हायकोर्टाचं, घटनेचं कलम २३५. तिथे तक्रार करताना शपथपत्र आणि तपासता येईल असा पुरावा जोडावा लागतो, निनावी पत्राला कोणी विचारत नाही आणि ते बरंच आहे, नाहीतर हरलेला प्रत्येक माणूस पत्र टाकेल.

वरच्या कोर्टाचं अवघड आहे. (आणि जजच्या बाबतीत घटनेत महाभियोग शब्द नाही गं, तो राष्ट्रपतींसाठी. न्यायमूर्तींना 'पदावरून दूर करणं' असतं. परीक्षेत मार्क जातील.) लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० खासदार सह्या करणार, मग तिघांची समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. १९५० पासून २०२५ संपेपर्यंत या वाटेने एकही न्यायमूर्ती घरी गेलेला नाही. सुप्रीम कोर्टाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्याबाबत आपले न्या. पी. बी. सावंत समितीचे अध्यक्ष होते, ठपका ठेवणारा अहवाल दिला, आणि ११ मे १९९३ ला लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मतं, विरोधात शून्य, आणि दोनशेहून जास्त खासदार मतच न देता बसून राहिले. ठराव पडला. कलकत्ता हायकोर्टाचे न्या. सौमित्र सेन २०११ मध्ये राज्यसभेत ठराव झाल्यावर राजीनामा देऊन मोकळे झाले.

मधला रस्ता म्हणजे इन-हाऊस चौकशी, न्यायाधीशांनीच न्यायाधीशांची केलेली. याची मुळं मुंबईत आहेत बरं का, १९९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर पुस्तकाच्या मानधनावरून आरोप झाले, वकील संघटनांनी ठराव केले आणि त्यांनी राजीनामा दिला, त्यावरून जी केस झाली त्यात सुप्रीम कोर्टाने ही कल्पना मांडली आणि १९९९ ला पद्धत ठरली. माझी तक्रार एकच, अहवाल लोकांना दाखवत नाहीत. मार्च २०२५ मध्ये तेव्हा दिल्ली हायकोर्टात असलेल्या न्या. यशवंत वर्मांच्या बंगल्यात आग लागल्यावर नोटा सापडल्याचं प्रकरण झालं (त्यांनी आरोप नाकारलेत), तेव्हा सुप्रीम कोर्टाने फोटो-व्हिडिओ स्वतःच्या वेबसाईटवर टाकले, हे आधी कधी झालं नव्हतं, चांगलंच केलं. पण पुढे तीन न्यायमूर्तींच्या समितीचा अहवाल आला तो काही बाहेर ठेवला नाही. करा यावर रील.

कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (अजून कायम न झालेलं खंडपीठ) सुरू झालं तेव्हा फटाके वाजले. पण हे आंदोलन वकिलांनी स्वतःच्या सोयीसाठी केलं असं आमच्याकडे काही जण म्हणतात. सामान्य माणसाला काय मिळालं? (सावंतवाडी)

वकिलांची सोय झालीच, नाही कोण म्हणतंय. पण तुमच्या सावंतवाडीचा माणूस हायकोर्टातल्या एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबईला उतरायचा, लॉजवर अंघोळ, दिवसभर बोर्डाकडे बघत बसायचं, सहा वाजता कळायचं आज लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम कोल्हापुरात चालतंय, म्हणजे तुम्ही सकाळची एस्टी धरून संध्याकाळी घरी येऊ शकता. ४० वर्षांच्या वर ही मागणी होती. मोर्चे, उपोषणं, कामबंद, सगळं झालं, त्या कामबंदमध्ये पक्षकारांच्याच तारखा बुडाल्या हेही खरं. औरंगाबादला १९८१ मध्ये असंच बेंच बसलं आणि १९८४ ला ते कायम झालं, तेव्हा कोल्हापूरकर आता 'कायम करा' म्हणणारच. फक्त एक, बेंच जवळ आलं म्हणून ढीग कमी होत नाही. मुंबई हायकोर्टाला सगळी खंडपीठं धरून मंजूर न्यायमूर्ती ९४ आहेत, त्यातली किती पदं भरलीत ते दर वर्षी विचारत राहा.

मी ७८ वर्षांचा निवृत्त शिक्षक. भाडेकरूविरुद्ध दावा जिंकलो, अपीलही जिंकलो. सहा वर्षं झाली, घराचा ताबा नाही. मग जिंकलो म्हणजे काय झालं? (पुणे जिल्हा)

काका, हुकूमनामा मिळाला म्हणजे अर्धी लढाई झाली, उरलेली अर्धी दरखास्त, म्हणजे तो हुकूमनामा अमलात आणून घ्यायचा अर्ज. आणि तिथे नव्याने सगळं, नोटीस, हरकत, मधूनच कोणीतरी तिसरा उभा राहतो आणि म्हणतो मी पण इथे राहतो. ताबा द्यायला कोर्टाचा माणूस, बेलिफ, येतो, दाराला कुलूप असतं, तो पंचनामा करून जातो, की पुढची तारीख.

तुम्ही एकटे नाही हे सांगून काय समाधान होणार, पण सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये देशभरची मोजदाद मागवली तेव्हा ८ लाख ८२ हजारांच्या वर दरखास्ती पडून असल्याचं निघालं आणि त्यात पहिला नंबर आपला, ३ लाख ४० हजारांच्या आसपास. ही सगळी जिंकलेली माणसं आहेत काका! दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा हे सुप्रीम कोर्टाने २०२१ लाच सांगितलंय, २०२५ ला परत सांगितलं आणि उशीर झाला तर त्या न्यायाधीशाला जबाबदार धरू असंही म्हटलं. तुमच्या वकिलांना सांगा, या दोन निकालांचा उल्लेख करून लवकर सुनावणीचा अर्ज द्या, वयाचा दाखला जोडा. कुलूप असेल तर ते तोडून ताबा द्यायचा आणि पोलीस बंदोबस्ताचा हुकूम आधीच मागून ठेवा, नाहीतर बेलिफ परत हात हलवत जाईल. अर्जाची पोच घ्या. सहा महिन्यांत हललं नाही तर त्याच कागदांवर हायकोर्टात मुदत ठरवून मागता येते.

मी बहरीनला असतो, आई गावी एकटी. जमिनीची केस आहे. वकील फोन उचलत नाहीत, आई म्हणते सगळं ठीक आहे. इथून काय करू? (मूळ गाव रायगड जिल्हा)

आईला प्रत्येक वेळी कळतं असं नाही, म्हणून ती 'ठीक आहे' म्हणते, तिच्यावर चिडू नका. मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं ॲप घ्या. केसचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर लागेल, आपल्याकडचा 'एमएच'ने सुरू होतो, समन्सच्या कागदावर नसेल तर आईच्या नावावरून शोधता येतो. केस उघडली की खाली मागच्या सगळ्या तारखा दिसतात, त्यातल्या तारखेला बोट लावा, त्या दिवशी काय झालं ते येतं. बहरीनमध्ये बसून तुम्हाला कळेल की गेल्या तारखेला आपले वकील हजर होते की नव्हते.

नव्हते असं वारंवार दिसलं तर आधी लेखी कळवा, मग वकील बदला, फाईल मागून घ्या. फारच गंभीर असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार, ग्राहक कोर्टात जाऊ नका, वकिलांची सेवा त्या कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये सांगितलंय. आणि आईला वकील परवडत नसेल तर महिला म्हणून तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाईन १५१००.

जाता जाता सगळ्यांनाच, रोजनामा पाठवणार असाल तर झेरॉक्स पाठवा. मोबाईलवर वाकडा फोटो काढून पाठवू नका, चष्मा लावून पण 'मंजूर' आहे की 'नामंजूर' ते कळत नाही.