सुई नाही, मग ताप उतरणार कसा?

प्रश्न : मी विडी घरकुलात राहते, विड्या वळते. मुलगा दोन वर्षांचा, वजन दहा किलो. परवापासून ताप आणि थोडा खोकला. आशाताईंनी काखेत थर्मामीटर लावला, १०१.८ आला. बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर मलेरिया बघितला, निघाला नाही. पॅरासिटामॉलची बाटली दिली आणि ‘दोन दिवसांनी परत दाखव’ म्हणाल्या. शेजारणीच्या पोराला खासगीत लगेच सुई दिली, संध्याकाळी ते खेळत होतं. सासूबाई म्हणतात, फुकटचं औषध, गुणही फुकटचाच. माझं चुकलं का?

उत्तर : अजिबात नाही. सुईनं उतरला तो बहुतेक ताप उतरवणाऱ्या औषधानंच. तेच तुमच्या बाटलीत आहे. साधा व्हायरल ताप तीन-चार दिवसांत आपला आपण जातो.

आशाताईंनी आणखी एक केलं असणार, ते तुम्ही लिहिलं नाही. पोराला मांडीवर शांत ठेवून, सदरा वर करून, घड्याळ धरून पोटाकडे बघत बसल्या असतील. ती खरी तपासणी. खोकला असलेल्या एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास. नर्स म्हणून पहिल्या वर्षी मी रडत्या बाळाचे अर्धाच मिनिट मोजले, दुप्पट केले, अठ्ठावन्न! घाईनं चिठ्ठी लिहिली. मोठ्या बाईंनी बाळ पिऊन झोपल्यावर पूर्ण मिनिट मोजले. छत्तीस. तेव्हापासून अर्धा मिनिट बंद. सासूबाईंनाच बसवा की मोजायला, हजार-हजार विड्या मोजून देणाऱ्या बाईला चाळीस काय जड!

डोस बाटली वाचून द्या. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर तुमच्या मुलाला सहा मिली, २५० असेल तर तीनच. झाकणावरच्या खुणेनं मोजा, घरच्या चमच्यानं नको. दोन डोसांत सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. ॲस्पिरिन नको. आणि ताप आला की पोराला आपल्या सोलापुरी चादरीत गुंडाळतात, ते आधी सोडवा. अंगावर सुती झबलं, वरचेवर पाणी, पेज.

पाणी रोज येत नाही म्हणून दारात पिंप भरून ठेवलेलं असतं, म्हणून डेंग्यूही डोक्यात ठेवा. त्यात ताप उतरतो तेव्हाच धोका वाढतो. ताप गेला पण पोर मलूल पडलं, पोट दुखतं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, तर खुश होऊ नका, निघा.

झटका आला, पाणीही पोटात ठरेना, हाक मारून डोळे उघडेना, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, तर परवाची वाट बघायची नाही. रात्र असली तरी सिव्हिल.