टीका, भाष्य आणि ‘लआझ’

प्रश्न : ‘राशी यांनी तोरावर (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथावर) टीका केली’ असं एका लेखात वाचलं. टीका म्हणायचं की भाष्य? आणि त्यांच्या लेखनात सारखा येणारा ‘लआझ’ हा शब्द कुठला?

‘टीका’ म्हणजे दोष काढणं, एवढाच अर्थ वर्तमानपत्रांनी शिल्लक ठेवलाय. मल्लिनाथाने कालिदासावर टीका केली म्हटलं, तर लोक आता विचारतील, भांडण कशावरून झालं? ‘टीका लिहिली’ म्हणा, प्रश्न मिटला. राशी, म्हणजे फ्रान्समधल्या त्र्वा गावचे रब्बी श्लोमो यित्स्हाकी (1040–1105), अडलेलं पद सोडवतात आणि पुढे जातात. ही अस्सल टीका. शंका-समाधानाचा फड रंगवतात ते त्यांच्या नातवांपासूनचे तोसाफोतकार, म्हणजे पुरवणी-टिपणं लिहिणारे ज्यू पंडित. ‘भाष्य’ त्यांच्यासाठी राखून ठेवा. आणि कृपा करून ‘राशी लिपी’ नावाचं हिब्रू अक्षरवळण राशींच्या नावावर खपवू नका. ते स्पेनकडच्या ज्यूंच्या हस्ताक्षराचं वळण. राशींची तोरावरची टीका 1475 मध्ये इटलीत त्या वळणात छापली गेली, तेव्हा राशींना जाऊन 370 वर्षं झाली होती.

आता लआझ, म्हणजे अडलेल्या पदासाठी परभाषेतला शब्द देताना राशी वापरतात तो शब्द. हे ‘लशोन आम झार’, म्हणजे ‘परक्या लोकांची भाषा’, याचं लघुरूप आहे असं भलेभले ठोकून देतात. साफ चूक. याच धातूचे ‘आम लोएझ’ हे शब्द बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत (114:1) मिसरी लोकांसाठी आलेलेच आहेत. बायबलच्या काळी धातू होता, तर तो नंतरच्या लघुरूपातून कसा निघेल? घोटाळा छपाईचा आहे. हिब्रूत लघुरूपाच्या शेवटच्या अक्षराआधी दोन रेघोट्या देतात. ‘राशी’ हे ‘रब्बी श्लोमो यित्स्हाकी’चं लघुरूप, तिथे त्या रास्तच आहेत, पण ‘लआझ’वरही त्या छापतात, आणि व्युत्पत्तिकार फसतात.

धातूचा अर्थ अस्पष्ट, न कळणारं बोलणं. आपला धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, काढा : ‘म्लेच्छ अव्यक्ते शब्दे’. तीच गत! परका तो, ज्याचं बोलणं पुटपुटणं वाटतं. माझं तर मत आहे की ‘लआझ’ला मराठीत ‘म्लेच्छभाषा’च म्हणावं. कुणी ‘प्राकृत’ सुचवतात, पण त्यात परकेपणाचा वासही नाही.

गंमत अशी की राशींच्या घरादारात बोलली जायची ती हीच म्लेच्छभाषा, जुनी फ्रेंच. तोरातल्या निर्गम 28:41 मध्ये अहरोन आणि त्याच्या मुलांचे ‘हात भर’ अशी आज्ञा आहे. राशी सांगतात : एखाद्याला पदावर नेमताना सत्ताधीश त्याच्या हाती चामड्याचा हातमोजा देतो, त्याला लआझमध्ये ‘गांट’ म्हणतात, आणि या सुपूर्द करण्याला ‘रेवेस्तीर’. मिसरमधून निघालेल्या याजकांच्या दीक्षेला राशींच्या शांपान्य प्रांतातल्या सरंजामदारांचा हातमोजा! आजचे फ्रेंच ‘गांट’मधला शेवटचा ‘ट’ उच्चारत नाहीत. राशींनी तो हिब्रू अक्षरांत लिहून ठेवलाय. असे हजारो शब्द आहेत. एकोणिसाव्या शतकात आर्सेन दार्मस्तेतेर हे फ्रेंच भाषापंडित ते गोळा करायला राशींची हस्तलिखितं धुंडाळत फिरले, कारण फ्रेंच न येणाऱ्या नकलकारांनी त्यांची पार वाट लावली होती.