क्रेयॉनने नुसते रंग फासलेत, त्यात बघायचं काय?

सहा वर्षांच्या भाचीने पानभर क्रेयॉन फासलेत, ना झाड ना घर, आणि खोटं कौतुक करायचं नाही, मग बघायचं काय, असं तुम्ही विचारलंय. आधी तिला ‘हे काय काढलंस?’ विचारणं बंद करा.

सोलापुरात आमच्या घरी टेबल नव्हतं. शहाबादी फरशीवर पालथं पडून चित्रं काढायचो. सातवीत एकदा पातळ कागदावर पिवळा खडू आडवा घासला, तर खालच्या फरशीचे ओरखडे वर उमटायला लागले. मजा वाटली. त्यावर तांबडा, मग एका कोपऱ्यात दाबून काळा. सरांनी वही उचलून वर्गाला दाखवली. "विषय कुठाय? घरनं चादर आणलीस काय रे?" सगळे हसले. सही मिळाली ती दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळ काढल्यावर. सोलापुरात नदीकाठी नारळ!

वडील यंत्रमागावर चादरीच विणायचे. रात्रपाळीहून आल्यावर त्यांनी कागद खिडकीपाशी नेला, तिरका धरला. "पिवळा आधी घातलास का तांबडा?" मग बोट ठेवून, "इथं हात दमला तुझा." चादर उलटली की नक्षी तीच, रंग मात्र उलटे. असल्या मालावर नजर बसलेली त्यांची.

तुम्हीही तसंच बघा. खाली कुठला थर, जोर कुठे, कागदाचे पांढरे दाणे कुठे उरलेत. क्रेयॉन मेणाचा, गडदावर फिका नीट चढत नाही, घसरतो. तरी तिने काळ्यावर पिवळा रेटला असेल तर तिथे थांबा. नारिंगीशेजारचा करडा निळसर दिसतो. नारिंगी हाताने झाका, नुसता करडा उरतो.

१९२५ मध्ये माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने लाकडी जमिनीवर कागद ठेवून वरून घासला, अशा घासून ठसा उमटवण्याला फ्रोताज म्हणतात. मी फरशीवर घासला तर सही नाही. सरांना हे सांगायचं राहूनच गेलं.

हां, प्रत्येक फासलेलं पान भारी नसतं. पोरं कंटाळूनही रंगवतात, मग सगळीकडे एकच जोर, एकच दिशा. तेव्हा उगाच वा वा करू नका.

आणि चित्र एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवू नका. माझं तसंच गेलं. मेण मऊ होऊन वरच्या वहीला चिकटलं, सोडवताना तांबडा सगळा तिकडे गेला.