पोटरीतला गोळा, डंबेल आणि गड उतरणं

प्रश्न : रात्री पोटरीत गोळा येतो. पाऊल वर ओढलं की सुटतो म्हणतात. यात काही शास्त्र आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि चांगलं भक्कम आहे. स्नायूला ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना स्नायू लागतात. पोटरीचे स्नायू टाच वर ओढतात, त्यामुळे पाऊल खाली झुकतं. नडगीलगतचा स्नायू तेच पाऊल वर उचलतो. एक आखडू लागला की मेरुरज्जूतून दुसऱ्याला ‘सैल हो’ असा संदेश जातो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही यंत्रणा उलगडली. १९३२ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

म्हणूनच नुसतं हाताने ओढू नका. आधी स्वतःच्या जोरावर बोटं नडगीकडे उचला, मग चवड्याखाली टॉवेल अडकवून हळूहळू ताण द्या आणि २०-३० सेकंद धरून ठेवा. गुडघा सरळच हवा. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वर, मांडीच्या हाडापासून निघतो. गुडघा वाकवला की तो ढिला पडतो आणि ताण फक्त खालच्या स्नायूला बसतो. हिसका तर मुळीच देऊ नका. झटक्यात ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने उलट आणखी आखडतो. जड पांघरुणाने पाऊल रात्रभर खाली दाबलं जात असेल, तर पायाकडची बाजू सैल सोडा.

एकाच पोटरीला सूज, ऊब आणि सतत दुखणं असेल, तर ताणत वा चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : डंबेल उचलताना बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू), मग खाली आणताना ट्रायसेप्स (दंडाचा मागचा स्नायू) काम करतो ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून बहुतेकांचा हा समज होतो. वजन खाली न्यायला गुरुत्वाकर्षण पुरेसं असतं. बायसेप्सच लांबत लांबत त्याला आवर घालतो. ट्रायसेप्स खरा कामाला लागतो तो जोर मारून उठताना. गड उतरतानाही असंच होतं. दर पायरीला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि चढताना कितीही दम लागला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे.